हातातलं खाली ठेवा

दि. ९ एप्रिल

मास्तरांस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे लेकीकडे पोचल्यावर फोन केला तेव्हा 'प्रवास कसा झाला' एवढं विचारलंत, आणि मी गुंडीच्या लग्नाचा 'ल' काढल्याबरोबर तुम्हाला गिऱ्हाईक आलं. परवा पुन्हा फोन केला, तर पुन्हा गिऱ्हाईक. इतकी गिऱ्हाइकं आपल्या शिवणाच्या दुकानात तीस वर्षांत कधी आली नव्हती. म्हणून हे पत्र. पत्र वाचताना गिऱ्हाईक आलं तरी पत्र तुमची वाट बघत थांबतं.

तुमची तब्येत कशी आहे? खिडकीतल्या कुंडीला पाणी घालता ना? आणि मी तिथे नाही, तर गिऱ्हाइकांना 'हातातलं खाली ठेवा, खिसे रिकामे करा' हे कोण सांगतं? तुम्ही एकदा माप घ्यायला वाकलात की तुम्हाला समोर माणूस आहे याचंही भान राहत नाही. मी निघायच्या आधी त्या शाळेच्या हेडमास्तरांचा सदरा खिशातल्या चष्म्याच्या डबीसकट मापला होतात, ते मी होते म्हणून लक्षात आलं.

निघताना तुम्ही दारात उभं राहून जे म्हणालात ते मी विसरलेले नाही. 'तो तारेवर लोंबकळणारा माणूस माझ्या ओळखीचा नाही, त्याच्या मापाची पट्टी माझ्या खिळ्यावर नाही, आणि मापाशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. कोट नाही, आणि मीही येणार नाही.' इकडे गुंडी म्हणते, बाबांच्या हातचा कोट अंगावर असल्याशिवाय तो माझ्या शेजारी उभाच राहणार नाही, मग लग्न राहिलं तर राहिलं. ती सहा वर्षांची असताना तुम्हीच तिला कापायच्या टेबलावर बसवून कबूल केलं होतं की तुझ्या नवऱ्याचा कोट मी शिवणार. बापलेक दोघं शब्दाचे पक्के. मी मधल्या मधे अस्तरासारखी दोन्हीकडून टाचलेली.

आता काल काय झालं ते सांगते. काल गुंडीला सुट्टी होती आणि आम्ही मायलेकी गाव बघायला जाणार होतो. सकाळी तिच्या कामावरून बोलावणं आलं. कुणा आजोबांची नवी कवळी हसता हसता दुभंगली होती आणि ती गुंडीनेच केलेली, म्हणून तिलाच जाणं भाग होतं. जाताना म्हणाली, आई, तो येतोय, त्याने रजा घेतली आहे, तुला गाव दाखवेल. मी म्हटलं, मला डोकं दुखतंय. ती म्हणाली, तुझी डोकेदुखी बाबांच्या गिऱ्हाइकासारखी वेळेवर येते. तोंडाळ आहे कार्टी, तुमच्यावर गेली आहे.

तर तो आला. उंच आहे, कानाच्या पाळ्या थंडीने लाल, आणि मराठी शब्द एकूण अकरा येतात. त्यातले चार तर गुंडीने शिकवलेल्या शिव्या आहेत, त्या तो अगदी आदराने बोलतो. मला 'आई' म्हणतो. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी मागे वळून बघितलं की गुंडी आली की काय.

मास्तर, हे गाव सपाट असं कुठेच नाही. रस्ता म्हणून जे निघतं ते चार पावलांवर जिना होतं. एका घराचं छप्पर म्हणजे वरच्या घराचं अंगण. रस्त्याच्या मधोमध लोखंडी कठडा आहे आणि म्हाताऱ्या बायका त्याला धरून भाजी घेऊन चढतात. प्रत्येक वळणावर एक बाकडं. त्याने मला एकही बाकडं चुकवू दिलं नाही. मी दमले नव्हते तरी बसवायचा, आणि स्वतः उभा. मधे एकदा ढग आला आणि आमच्या अंगावरून सरळ बाजारात शिरला. दुकानदार ढग जाईपर्यंत दार लोटून बसले, आपल्याकडे धूळ आली की बसतात तसे.

वर जायला तारेवरच्या डब्यात बसलो, तो ज्याच्या तारा दुरुस्त करतो त्याच. हो, बसले मी. डोळे मिटून बसले, पण बसले. डब्यातले लोक पेपर वाचत होते, एक बाई स्वेटर विणत होती. हा मात्र काही बघत नव्हता, मान वाकडी करून वरच्या चाकाचा आवाज ऐकत होता. तुम्ही मशीनचा टाका ऐकता ना, तशी अगदी तीच मान. वरच्या ठाण्यावर उतरल्यावर तिथल्या माणसाला काहीतरी सांगून आला. तो माणूस लगेच तेलाचा डबा घेऊन चढला. मला हसू आलं. सुट्टीच्या दिवशीही तुम्ही शेजाऱ्याच्या सदऱ्याची उसवलेली शिवण बघितल्याशिवाय राहत नाही.

वर बाकड्यावर बसलो तेव्हा त्याने एक केलं. तुमची धास्ती त्याला गुंडीने सांगितली असणार. खिशातून तारेवर चढताना लावायच्या दोन कड्या काढल्या आणि बाकड्याच्या दांडीला लावून दाखवल्या. आधी एक लावली, ओढून बघितली. मग दुसरी लावली, तीही ओढून बघितली. मगच पहिली सोडली, पुढे सरकवली, पुन्हा ओढली. म्हणजे तारेवर असताना एक कडी कायम अडकलेली. 'बाबा' म्हणून पुन्हा सगळं पहिल्यापासून करून दाखवलं, म्हणजे हे बाबांना सांगा. म्हणून सांगते आहे.

मग खरेदी. गुंड्यांचं एक दुकान आहे, छतापर्यंत नुसते खण, आणि प्रत्येक खणावर आतली एक गुंडी टाचलेली. मला तिथून हलवेना. शिंगाच्या गडद गुंड्या घेतल्या, पुढच्या, बाहीच्या आणि दोन जास्तीच्या. कोटाचा पत्ता नाही आणि गुंड्या तयार, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते. तुम्हाला लोकरीचे मोजे. आणि खालच्या गल्लीत जुन्या सामानाच्या दुकानात तुमच्यासाठी आणखी एक वस्तू मिळाली. काय ते सांगणार नाही, बघितल्यावर तुम्ही स्वतःवरच चिडाल की आजवर हे आपल्याकडे का नव्हतं. ती घेतल्यावर त्याने माझ्या हातातली पिशवी जी काढून घेतली ती घरी येईपर्यंत दिली नाही. दोनदा मागितली, दोनदा 'नाही, आई'.

शेवटी कापडाचं दुकान. मालकीण माझ्याच वयाची, दोन चष्मे, एक नाकावर, एक कपाळावर. मी एक धागा ओढून काडी पेटवायची खूण केली, तर ती खूश झाली आणि स्वतःच काडेपेटी घेऊन आली. दोघींनी धागा जाळून हुंगला. जळक्या केसांचा वास, शुद्ध लोकर. मग भाषेचं काही अडलं नाही. राखाडीत निळ्याची झाक आहे, हात फिरवलात तर तुम्हीही गप्प व्हाल.

आणि मास्तर, मला राहवलं नाही. तिच्याकडून बांधायच्या कागदाची लांब पट्टी मागून घेतली. टेप होती तिच्याकडे, पण तुम्ही म्हणता ना, आकडे सांगणाऱ्याच्या तोंडी बदलतात, कागदावरची खाच बदलत नाही. त्याला उभं केलं आणि तुमच्या पद्धतीने सगळं माप घेतलं. छाती, पाठ, बाही, आणि तुमच्या हट्टाप्रमाणे खांदा ते कंबर, डावी उजवी वेगळी. तो खांबासारखा उभा होता, श्वास तेवढा घेत होता. पट्टी या पत्रात घातली आहे. कापड पार्सलने येईल. आता तुमच्या खिळ्यावर त्याचं माप आहे, सबब संपली. तुम्हाला तो आवडावा अशी माझी फार इच्छा आहे, हे उघडच लिहिते.

स्वतःला सांभाळा. राग करायचा तर माझ्यावर करा, आणि तोही थोडा शिल्लक ठेवा.

तुमची,
काजवाली


दि. २४ एप्रिल

सौ. सरकारांस,
अनेक आशीर्वाद.

कुंडी जिवंत आहे. हेडमास्तरांचा सदरा गेला. मी बरा आहे.

पार्सल आलं ते तीन दिवस उघडलं नाही. चौथ्या दिवशी दोरी सैल होती म्हणून उघडलं. कापड चांगलं आहे. धागा मीही जाळून बघितला, तुझ्यावर अविश्वास नाही, पण बघितला. चांगलं म्हणजे फार चांगलं आहे. टेबलावर पसरलं, दोन्ही टोकांना नेहमीच्या विटा ठेवल्या, खडू काढला. म्हणजे मी कुठवर आलो होतो ते कळावं म्हणून सांगतो.

मग तुझी पट्टी लावली. पहिल्यांदा वाटलं, मला चाळशी बदलायला हवी. तीन वेळा लावली. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. उजवी बाही डाव्यापेक्षा जास्त. माणसाच्या दोन बाजू सारख्या नसतात हे मीच सांगत आलो, पण सुतासुताचा फरक असतो. दोन बोटांचा फरक फक्त मोडलेल्या हाडाचा असतो. आपल्या घराला रंग देणारा शिडीवरून पडला होता, त्याचं माप असंच होतं. त्याचा खांदा पुन्हा वर आला नाही.

तेव्हा हा माणूस पडलेला आहे. तारेवरूनच पडला असणार, दुसरं काय. बाकड्यावर बसून कड्या लावून दाखवायला काय जातं? कड्या लावणारा पडत नाही, आणि हा पडला आहे, कागदावर दिसतं आहे. मला दुःख याचं आहे की त्याने हे लपवलं, आणि गुंडीला माहीत असेल तर तिनेही लपवलं. तू तर हातांनी चाचपून माप घेतलंस आणि तुलाही दिसलं नाही, की बघायचं नव्हतं?

खिळ्यावर गुंडीची पट्टी आहे. दर वाढदिवसाला एक खाच, अठरा खाचा. ती उंच होत गेली तशी मी कागदाला कागद चिकटवत गेलो. एवढं मोजून मापून वाढवलेली मुलगी मी तारेच्या भरवशावर कशी सोडू? एके दिवशी फोन येईल आणि तेव्हा खरोखर गिऱ्हाईक असलं तरी मला तो घ्यावा लागेल. ही भीती आहे, राग नाही, हे तुला म्हणून सांगतो. तिला राग आहे असंच सांग.

कापड घडी करून वरच्या फळीवर ठेवलं आहे. डांबराच्या गोळ्या घातल्या आहेत.

तब्येतीला जपून राहा आणि लवकर घरी ये.

तुझा,
मास्तर


दि. ७ मे

ती. बाबांस,
गुंडीचे नमस्कार.

आईला आलेलं पत्र मी वाचलं. तिने दिलं नव्हतं, उशीखालून काढून वाचलं, त्याबद्दल नंतर रागवा.

मी त्याला त्याच संध्याकाळी समोर बसवून विचारलं की तू कधी पडला होतास का. तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, खरं सांग, माझ्या वडिलांनी कागदावर बघितलं आहे. बाबा, तो हसला नाही, चिडलाही नाही. दोन्ही खांद्यांवर माझे हात ठेवून घेतले आणि दाब म्हणाला. मी दाबले, हाडं चाचपली. दातांच्या ठशात केसाएवढी चीरही मला दिसते, तुमचीच मुलगी आहे. दोन्ही खांदे सारखे आहेत.

मग आम्ही तिघं कोड्यात पडलो. शेवटी त्यानेच विचारलं की आईंनी माप घेतलं ते पिशवीसकट घेतलं का. आई म्हणाली, कुठली पिशवी? तो म्हणाला, तुमची, माझ्या उजव्या हातातली. बाबा, आईचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. माप घेऊन होईपर्यंत सगळा वेळ ती पिशवी त्याच्या हातात होती. मी म्हटलं, शहाण्या, खाली का नाही ठेवलीस? तर म्हणाला, आईंनी सांगितलं नाही. आणि बाहेरून येणाऱ्यांच्या छत्र्यांनी फरशी ओली झाली होती. आत तुझ्या बाबांची वस्तू होती.

तुम्ही त्याला खोटं ठरवलंत याचं मला फार वाईट वाटलं, आणि ते मी लपवत नाही. त्याला वाटलं नाही. तो विचारत होता की एवढ्याशा कागदावरून बाबांना पिशवी दिसली, तर त्यांना आणखी काय काय दिसत असेल. बाकी आई लिहीलच.

तुमच्या रागावून बसलेल्या,
पण तुमच्याच गुंडीचा नमस्कार


दि. ७ मे

मास्तरांस,
आज नमस्कारही खाली मान घालूनच करते.

गुंडीने सगळं लिहिलं आहे. गेली तीस वर्षं दुकानात माझं एक काम गुंड्यांची काजं करण्याचं आणि दुसरं हे सांगण्याचं, की हातातलं खाली ठेवा. तुम्हाला त्यावरून टोमणा मारला तो त्याच पत्रात, ज्यात ही चुकीची पट्टी घातली. शाई वाळली नसेल तोवर माझं मलाच लागू झालं.

मी का विसरले याचा विचार केला. कोणाही परक्याला बोलले असते, सवयीनेच बोलले असते. पण तुमचं नाहीतर गुंडीचं माप घेताना मी असलं कधी बोलत नाही, घरच्या माणसाला काय सांगायचं. सकाळी डोकं दुखतंय म्हणणारी मी, कापडाच्या दुकानात शिरेपर्यंत त्याला घरचा धरून बसले होते. मला स्वतःला कळलं नाही, तुमच्या कागदाने पकडलं.

पिशवीत काय होतं ते आता सांगावंच लागणार. कापड दाबून धरायची दोन लोखंडी वजनं आहेत, जुन्या शिंप्यांची. घोटून काळी गुळगुळीत झालेली, वर बोट अडकवायला कडी. तीस वर्षं विटा फडक्यात गुंडाळून वापरता, ते मला बघवत नाही. दोन्ही मिळून मला एका हाताने उचलवत नाहीत. घरी येऊन तुमच्यासमोर ठेवणार होते.

आता राहिलं माप. गुंडी म्हणाली, आई, लगेच पुन्हा घे आणि पाठव. मी नाही म्हटलं. ज्या हाताने एवढी मोठी चूक केली, त्याच्या दुसऱ्या पट्टीवर तुम्ही तरी विश्वास का ठेवावा? तुमचंच म्हणणं, माप स्वतः घ्यावं. तेव्हा तुम्ही या. वजनं मी परत आणणार नाही, जड आहेत, इथेच टेबलावर ठेवते. भीती वाटते ती घेऊनच या, ती घरी ठेवून यायला मी सांगत नाही. तो तुम्हाला वरच्या ठाण्यावर नेईल आणि त्या कड्या तुमच्या हातात देईल, तुम्हीच ओढून बघा.

याल ना? माझी माया आहे तशीच आहे, तुमची कमी करू नका.

तुमची,
चुकलेली काजवाली


दि. २१ मे

चि. जावईबापूंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र गुंडी तुम्हाला वाचून दाखवील. मधे कुठे ती गाळते आहे असं वाटलं तर थांबवून विचारा, कारण तिथे मी माझीच चूक लिहिली असेल.

ती चूक आधी लिहितो. मी कागद बरोबर वाचला आणि माणूस चुकीचा. उजवा खांदा दोन बोटं खाली आहे हे खरं होतं, पण मी त्याला पडलेला माणूस समजलो. माझ्या दुकानात दाराशी खुंटी आहे, तिथे पिशव्या अडकवतात, म्हणून वजन धरून उभा राहिलेला माणूस मी कधी मापलाच नव्हता. मी तुम्हाला खोटं म्हटलं. वयाने मोठा आहे तरी माफी मागतो.

मला एक सांगा. आमच्या सरकार माप घेतात म्हणजे घाई नसते. छाती, पाठ, मग दोन्ही बाह्या, मग पुन्हा पहिल्यापासून खात्री. एवढा वेळ ते लोखंड तुम्ही एका हातात धरलंत, दुसऱ्या हातात घेतलं नाही, कारण हललात तर त्यांची खाच चुकली असती. आणि खाली ठेवलं नाही, कारण फरशी ओली होती. ज्या माणसाने तुमचा कोट शिवायला नकार दिला होता, त्याची वस्तू ओली होऊ नये म्हणून. ती पत्रं आली त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. काम होत नव्हतं.

माझी भीती गेलेली नाही. ती जायची नाही. पण तुमच्या हातून सहजी काही सुटत नाही हे मला आता कागदावर लिहून मिळालं आहे, आणि कागदावर माझा विश्वास आहे.

कापड फळीवरून काढलं, उन्हात धरलं, डांबराच्या गोळ्यांचा वास जातो आहे. ते, कात्री, खडू आणि माझी चाळशी एवढं सामान घेऊन निघतो आहे. तिकीट शेजारच्या चष्मेवाल्याने काढून दिलं, दहा जूनला पोचतो. गुंडीला सांगा, कोट मी तिथेच तिच्या जेवणाच्या टेबलावर कापणार, तेव्हा त्या दिवशी जेवण उशिरा होईल. तिच्या आईला सांगा की कुंडी चष्मेवाल्याकडे ठेवली आहे, आणि वजनांना तेल लावू नये, कापडाला डाग पडतात.

ती चुकीची पट्टी 'फाडून टाका' म्हणून सरकारांनी पुरवणी चिठ्ठी पाठवली होती. मी फाडलेली नाही. त्या मापाचा कोट कोणालाही होणार नाही, पण ती खिळ्यावर टांगली आहे, गुंडीच्या पट्टीशेजारी. मी कुलूप लावून निघालो तरी त्या दोन्ही आत एका जागी असतील.

आता एकच काम. तुम्ही मला उतरवून घ्यायला याल, आणि सवयीने माझ्या पिशवीला हात घालाल. घालू नका. पिशवी मी खाली ठेवीन, फरशी ओली असली तरी. तुम्ही फक्त दोन्ही हात मोकळे सोडून सरळ उभे राहा, मी आल्या आल्या माप घेणार आहे.

आम्हां दोघांचा लोभ आता तुमच्या खात्रीचा समजावा.

तुमचा सासरा,
मास्तर